शिंपीकाकांनी घेतलेलं माझं माप

मित्रांनो, हृदय आत कसं चाललंय हे पडद्यावर दाखवणारं मी एक जुनं टू-डी इको मशीन आहे. माझी दोन बटणं बसली आहेत, चाकं कुरकुरतात. पण रडगाणं गाण्याचा माझा स्वभाव नाही. मला माणसं चांगली मिळाली.

त्यात पहिल्या आमच्या तपासणीताई. पेशंट दचकू नये म्हणून छातीवर लावायच्या थंड जेलीची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायच्या. माझी वायर कुणाच्या पायाखाली आली की डॉक्टरांनाही दटावायच्या.

एकदा शिंपीकाका आले. हृदय इतकं थकलेलं, की चार पावलांत धाप लागायची. शिलाई मशीनवर पाय मारणं तर केव्हाच सुटलं होतं. हृदयाच्या दोन्ही बाजूंना मिळून ठोका देणारा पेसमेकर त्यांना बसवावा का, हे डॉक्टरांना ठरवायचं होतं. तो सगळ्यांनाच लागू पडत नाही. हृदयाच्या भिंती एकमेकींच्या मागेपुढे आकसत असतील, तर आशा जास्त.

काकांना आडवं होववेना. ताईंना दया आली. त्यांनी बसल्या बसल्याच झटपट तपासलं आणि लिहिलं, 'भिंती बरोबरीने हलतात.' डॉक्टर म्हणाले, "मग बसवून फारसा उपयोग नाही." काका मान खाली घालून घरी गेले.

मला पुसताना ताईंनी ते चित्र पुन्हा लावलं आणि त्यांचा हात थांबला. हृदयाची बाहेरची भिंत पडद्यावर अंधारातच होती! त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या. "सर, चूक माझी आहे. न दिसलेलं मी दिसलं म्हणून लिहिलं."

दुसऱ्या दिवशी काकांना परत बोलावून, तीन उशा देऊन, थांबत थांबत, डाव्या कुशीवर घेतलं. पाऊण तास गेला. माझा सगळा जीव पडद्यात गोळा झाला होता. आणि दिसली! बाहेरची भिंत दर ठोक्याला मागे रेंगाळत होती. त्याच आठवड्यात पेसमेकर बसला.

सहा महिन्यांनी काका जिना चढून आले, गळ्यात टेप.

"ताई, तुम्ही माझं माप दोनदा घेतलंत. आता याचं मी घेतो. कव्हर शिवायचंय."

"पाय मारवतो का, काका?"

"अहो, कालच बायको ओरडली, जरा थांबा म्हणून!"

आता माझी जागा नव्या मशीनने घेतली आहे. काकांचं कव्हर मात्र अंगावर नीट बसलंय. मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, जपा. आणि आम्ही अंधार दाखवला, तर अंधार आहे असंच लिहा, आणि त्या माणसाला पुन्हा बोलवा. आमचे काका असेच परत आले.