किसनने वाचलेला गुडघा

माणसाने चेहऱ्यावर काय वाटेल ते चढवावं, पायातल्या वहाणेचा तळ त्याचं ऐकत नाही, असं किसनचं ठाम मत होतं. कोण तापट, कोण आळशी, कोण पाठीवर ओझं वाहून आलेला, हे तो तळ उलटा करून सांगायचा. दहातले दोन अंदाज साफ चुकायचे, पण त्यांची वाच्यता तो करत नसे. कुडाळजवळच्या गावात बापाने हातात चामडं कापायची रापी आणि शिवायची आरी दिली तेव्हाच सांगितलं होतं, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे मागाहून बघ, आधी वहाण बघ. किसनने हे इतकं मनावर घेतलं की मुलगी बघायला गेला तेव्हाही त्याने आधी दारातल्या चपला बघितल्या. रंभाच्या दोन्ही टाचा सारख्या झिजल्या होत्या. ‘बाई सरळ आहे,’ म्हणून त्याने होकार दिला आणि पुढे त्या सरळपणाचा प्रसाद त्याला फोनवरून दर शुक्रवारी मिळत राहिला.

हा किसन १९८८ साली शारजाच्या खोर फक्कान बंदरावर हेल्पर म्हणून आला. एका शुक्रवारी फुटबॉलचा सामना बघायला गेला असताना एका खेळाडूच्या बुटाचा तळ सुटला. किसनने कठडा ओलांडला, खिशातलं दाभण काढलं आणि पाच मिनिटांत बूट शिवून दिला. महिन्याभरात तो क्लबच्या सामानाच्या खोलीत कामाला लागला. जर्सी, चेंडू, पाण्याच्या बाटल्या सगळं त्याच्याकडे होतं, पण त्याचा जीव भिंतीवरच्या बुटांच्या फळीत होता. सराव संपला की तो एकेक बूट उलटा करून बघायचा आणि स्वतःशीच मान हलवायचा.

१९९८ साली क्लबने एक जर्मन खेळाडू आणला. फोल्कर त्याचं नाव. वय चौतीस, म्हणजे फुटबॉलमध्ये आजोबाच. सगळ्यांना वाटलं होतं की जर्मन म्हणजे मर्सिडीजमधून उतरणार. हा उतरला क्लबच्या खटारा बसमधून, एका हातात बुटांचे दोन जोड आणि दुसऱ्या हातात कॉफीचं पाकीट घेऊन. किसनची उत्सुकता तिथेच चाळवली. स्वतःचे बूट पोराबाळांसारखे हातात धरून आणणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला.

संध्याकाळी सराव उरकला की फोल्कर सामानाच्या खोलीत येऊन स्टुलावर बसायचा. दोघांचं बोलणं म्हणजे मोडकं इंग्रजी आणि मूठभर अरबी. ते जसंच्या तसं सांगत बसलो तर गोष्ट इथेच संपेल, म्हणून मराठीत सांगतो. फोल्कर कोळशाच्या खाणींच्या गावचा. सतराव्या वर्षी सकाळी खाणीच्या वर्कशॉपमध्ये काम आणि दुपारी सराव. पुढे गावच्याच क्लबसाठी तीनशेवर सामने खेळला, सगळ्यांच्या मागे उभं राहून बचाव सांभाळायचं काम. एकदा देशाच्या संघात बोलावणं आलं. घरच्यांनी नवा टीव्ही घेतला. हा नव्वद मिनिटं बाकावर बसून राहिला आणि परत आला.

“एक मिनिटही नाही?” किसनने विचारलं.

“दोनदा उठून हातपाय मोकळे केले. तेवढं टीव्हीवर दिसलं,” फोल्कर म्हणाला आणि खदाखदा हसला. तो किसनला ‘मायस्टर’ म्हणायचा. त्यांच्याकडे हातात कसब असलेल्या माणसाला तसं म्हणतात म्हणे. किसन त्याला ‘मिस्टर फोल्कर’ म्हणायचा.

दीड महिना झाला आणि बूट बोलू लागले. डाव्या बुटाचे बाहेरच्या बाजूचे स्टड, म्हणजे तळाचे खुंट, झपाट्याने झिजत होते आणि उजव्याची टाच जवळजवळ कोरी होती. म्हणजे हा माणूस उजव्या पायावर भार टाकतच नव्हता. किसनने तीन दिवस वाचून बघितलं, तीच ओळ निघाली. उजवा गुडघा गेलेला आहे आणि तो लपवून खेळतो आहे. किसनने कुणाला विचारलं नाही. चामड्याचा एक पातळ तुकडा तासून उजव्या बुटात आतून बसवला आणि बूट फळीवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी फोल्कर आला तो दार लावूनच. “तुला कुणी सांगितलं?”

“बुटाने,” किसन म्हणाला.

फोल्कर स्टुलावर बसला. मग हलक्या आवाजात म्हणाला, “हे इथेच ठेव, मायस्टर. क्लब मला केव्हाही घरी पाठवू शकतो. मला अजून दोन वर्षं खेळायचंय.”

किसनने तोंडावर बोट ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं सांगायचं तर त्याला त्या गुपिताचा अभिमानच वाटला. एवढ्या मोठ्या मैदानावर डॉक्टरला, कोचला कुणाला जे माहीत नाही, ते कुडाळच्या किसनला माहीत होतं. दोन मोसम तो चामड्याचे तुकडे तासत राहिला. दुसऱ्या मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, कुणी धक्काही दिला नसताना, फोल्कर मैदानात कोसळला. स्ट्रेचरवरून नेताना त्याने किसनकडे एकदा पाहिलं. त्या नजरेचा अर्थ किसनला लागला नाही आणि लागेपर्यंत त्याला चैन पडणार नव्हती.

मधली वर्षं किसनला क्लबच्या ऑफिसातल्या अनिलकडून कळत गेली. अनिल ठाण्याचा, सोळा वर्षं दुबई-शारजात काढलेला, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे अपडेट असायचं.

“किसनराव, तुमचा जर्मन तिकडे मॅनेजर झाला! त्याच्याच जुन्या क्लबचा. खेळणारा मॅनेजर नाही हां, खुर्चीवाला. प्लेयर घ्यायचा, प्लेयर विकायचा, सगळा डिसिजन त्याचा. म्हणे कुणी दुसऱ्याने फेकलेला प्लेयर हा बरोबर उचलतो.”

“आणि पाय?”

“पायाचं कोण लिहितंय पेपरात?”

२००४च्या सप्टेंबरात तोच फोल्कर क्लबचा जनरल मॅनेजर होऊन खोर फक्कानला आला. आता कोट होता, केस पांढरे होते आणि हातात काठी होती. जिना चढताना तो आधी डावा पाय ठेवायचा आणि उजवा मागून ओढून घ्यायचा. किसनने ते खालून बघितलं. फोल्करने त्याला मिठी मारली, कॉफीचं पाकीट दिलं, पण त्या जुन्या गोष्टीचा शब्दही काढला नाही. किसननेही काढला नाही. विचारायचं होतं खूप, पण जनरल मॅनेजरला असं कसं विचारणार?

त्याच महिन्यात आफ्रिकेतल्या माली देशाचा मामादू तीन आठवड्यांच्या चाचणीसाठी आला. चोवीस वर्षांचा, वाऱ्यासारखा पळणारा, दिसेल त्याला ‘हबीबी’ म्हणणारा. त्याने पहिल्याच सामन्यात दोन गोल केले. डॉक्टरने तपासलं, एक्स-रे काढले, सगळं ठीक निघालं. गुरुवारी करारावर सही व्हायची होती. मंगळवारी किसनने मामादूचे बूट उलटे केले आणि कपाळावर हात मारला. डाव्या बुटाची टाच जमिनीला लागलेलीच नव्हती. चवडा तेवढा खरवडला होता. टाचेवरची शीर दुखावलेली होती, आणि शीर काही एक्स-रेत दिसत नाही.

बुधवारी दुपारी फोल्कर खाली आला. स्टुलावर बसला, उजवा पाय काठीसारखा सरळ पसरला आणि मामादूचे बूट टेबलावर ठेवले.

“वाच, मायस्टर.”

किसनने बूट हातात घेतला, पण उलटा केला नाही. इकडे आड, तिकडे विहीर. बोललं तर एका पोटावर पाय पडणार, गप्प बसलं तर आणखी एक काठी तयार होणार.

“मिस्टर फोल्कर, आधी मला एक सांगा,” तो म्हणाला. “तेव्हा मी बोलायला हवं होतं का?”

फोल्करने बुटाची नाडी बोटाला गुंडाळली. “पहिली काही वर्षं मी तुझे आभार मानले. मग तिसरं ऑपरेशन झालं. त्या वेळी तुझा फार राग आला. जगात एका माणसाला माहीत होतं आणि तो गप्प बसला, असं वाटलं.”

“तुम्हीच सांगितलं होतं गप्प बस म्हणून!”

“सांगितलं होतं. तू ऐकायलाच हवं होतं असं नाही.”

किसन भडकला. आयुष्यात पहिल्यांदा तो साहेब माणसावर भडकला. “वा! आणि बोललो असतो तर?”

“तर त्याच आठवड्यात मला विमानात बसवलं असतं आणि मी तुझं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. दोन्ही खरं आहे.”

म्हणजे काही केलं असतं तरी दोष किसनचाच. त्याला रडू यायचं बाकी राहिलं. चार वर्षं ज्या नजरेचा अर्थ शोधला, तो हा असा निघाला. पण रागातच त्याला एक गोष्ट सुचली आणि ती त्याने तशीच बोलून टाकली.

“तुम्ही का लपवलंत? घरी पाठवतील म्हणून. पाठवणारा कागद तेव्हा दुसऱ्याच्या हातात होता. आता तो तुमच्या हातात आहे. आधी सही करा, मिस्टर फोल्कर. मग मी वाचतो. मी कशाला, तो स्वतःच सांगेल.”

“न बघता माल घेऊ म्हणतोस? मला बोर्डाला तोंड द्यायचंय.”

“माल नाही तो,” किसन म्हणाला.

फोल्कर उठला आणि बूट तिथेच टाकून काठी आपटत निघून गेला. किसन खुर्चीत बसला आणि नोकरी गेली असं धरून चालला. रंभाला काय सांगायचं, हे त्याने मनात दोन-तीन प्रकारे घोळवलं. एकही प्रकार तिला पटण्यासारखा नव्हता.

गुरुवारी सकाळी अनिल धावतच खाली आला. “किसनराव, वर चला, यल्ला! तुमच्या जर्मनाचं डोकं फिरलंय. काल बोर्डाशी तीन तास भांडला. तीन वर्षांचा करार दोन वर्षांवर आला, पण त्याच्या बदल्यात एक नवीन क्लॉज, आधीची किंवा नंतरची, कुठलीही इजा निघाली तरी करार रद्द होणार नाही. सोळा वर्षांत असा क्लॉज मी टाईप केलेला नाही! चारशे दिरहॅमचा बूट घेताना, म्हणजे पाच हजार रुपयांचा, लोक दहादा घालून बघतात.”

“मला कशाला बोलावलंय?”

“ते त्यांनाच विचारा. म्हणाले, मायस्टर आल्याशिवाय सुरू करायचं नाही.”

ऑफिसात मामादू इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या टोकाला बसला होता. फोल्करने सही केली, मामादूनेही केली. अनिलने शिक्का मारला आणि “मबरूक” म्हणत अभिनंदन केलं. मग फोल्करने पेनाचं टोपण लावलं आणि शांतपणे विचारलं, “खलास. कागद पक्का झाला. आता सांग मामादू, पाय कसा आहे?”

किसन त्याच्या तोंडाकडे बघू लागला. बोलेल, आता बोलेल.

“एकदम फर्स्ट क्लास, हबीबी!” मामादू दात दाखवत म्हणाला. “नो प्रॉब्लेम.”

फोल्करने किसनकडे पाहिलं. टोमणा नव्हता त्या पाहण्यात. किसनला मात्र जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. त्याला वाटलं होतं की कागद बदलला की भीती जाईल. भीती कागदाला कुठली ऐकायला! ती या माणसाच्या अंगात फार आधीपासून मुरलेली होती, आणि कुणीतरी हाताने काढल्याशिवाय निघणार नव्हती. आणि ते कुणीतरी कोण, हे खोलीतल्या दोघांना ठाऊक होतं.

किसन पुढे झाला. मामादूच्या समोर जमिनीवर बसला, त्याचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला, बूट काढला, मोजा काढला. मामादू हसतच होता. किसनने अंगठा टाचेच्या वरच्या शिरेवर ठेवला आणि दाबला.

मामादूचं हसू तोंडावरच राहिलं आणि डोळ्यांतून पाणी आलं.

“हा पाय टाच टेकत नाही,” किसन मोठ्याने म्हणाला. इंग्रजीत, अरबीत, जमेल तसं, खोलीत सगळ्यांना कळेल असं. “दोन-तीन महिन्यांपासून टेकत नाही. असाच पळाला तर तुटेल. मी बूट बघितलेत. मी सांगतोय.”

मामादूने घाबरून टेबलावरच्या कराराकडे पाहिलं आणि मग फोल्करकडे. फोल्करने काठी भिंतीला टेकवली. टेबलाला धरून तो मामादूच्या शेजारच्या खुर्चीत बसला, वाकला आणि उजव्या पँटचा पाय वर गुंडाळू लागला. त्याला वेळ लागला. कुणी मदत केली नाही.

किसनने तो गुडघा पहिल्यांदाच पाहिला. दोन वर्षं त्याने त्याचा तळ वाचला होता, चामडं तासून त्याला टेकू दिला होता, पण बघितला नव्हता. तीन लांब वण एकमेकांना छेदून गेले होते आणि मधली वाटी जागेवरच नव्हती. बुटाने एवढं कधी सांगितलं नव्हतं.

“हा बघ,” फोल्कर मामादूला म्हणाला. “चार महिने चेंडूला पाय लावायचा नाही. उपचार क्लब करेल, पगार चालू राहील, कागदात लिहिलंय. नंतर खेळ. पोट भरेपर्यंत खेळ.”

मामादू तोंड झाकून मान हलवत राहिला. किसन अजून खालीच बसला होता, त्याचा पाय मांडीवर धरून.

“मला माफ करा, मिस्टर फोल्कर.”

“सहा वर्षं उशिरा बोललास, मायस्टर,” फोल्कर म्हणाला, आणि किसनच्या खांद्याचा आधार घेऊन उभा राहिला.