तीन दिवस न उघडायचा ड्रॉवर

फोन आला तेव्हा बाबाजीने नुकताच एका ड्रॉवरात जिवंत उंदीर सोडला होता. ड्रॉवर लोटून, हात शर्टाला पुसून त्याने फोन कानाला लावला. पलीकडे मुलगा होता, सुदेश. तो नुसता रडत होता.

"बोल रे. काय झाला?"

"आई गेली, बाबा. चहा करूक उठली नि तिथेच बसली."

बाबाजी तसाच शेडबाहेर आला आणि उन्हात उभा राहिला. सुदेश सांगत होता, बर्फ आणलाय, उद्या दुपारपर्यंत ठेवतो, तुम्ही या.

आखातातल्या अल ऐन शहराबाहेर खजुराच्या बागेमागे ती शेड होती. आत रॅकवर रॅक, आणि प्रत्येक ड्रॉवरात एकेक बॉल पायथन, आफ्रिकेतला लहान अजगर. मालक, म्हणजे अरबाब, त्यांची पैदास करून विकायचा. खाणं घालायचं काम बाबाजीचं. जिवंत उंदीर सोडला की समोर उभं राहायचं, ही पहिली शिकवण. सापाने धरला नाही तर उंदीर लगेच काढून घ्यायचा. दुसरी शिकवण, खाणं झालं की तीन दिवस ड्रॉवर उघडायचा नाही. साप बिथरला तर खाल्लेलं ओकून टाकतो.

त्याच्या बायकोला, कावेरीला, हे काम कधी रुचलं नाही. फोनवर विचारायची, "अहो, उंदीर मारून घातलो तर खात नाय काय तो?" खातो, सवय लावली तर खातो. बाबाजीने ते अरबाबला एकदा सांगितलंही होतं. पण गिऱ्हाइकांना साप झडप घालताना बघायचा असतो.

अरबाबने तासाभरात गोव्याचं तिकीट काढून दिलं. ऑफिस सांभाळणारा वसईचा सिप्रियन खोलीवर येऊन शेजारी बसून राहिला. बाबाजीने बॅग भरली. संध्याकाळी ड्रायव्हर वली गाडी घेऊन दारात आला, आणि चप्पल पायात सरकवताना बाबाजीला उंदीर आठवला.

तो धावत शेडमध्ये गेला. ड्रॉवरच्या मुठीला हात लावला, पण ओढवेना. आतून बारीक खरखर ऐकू येत होती. शेवटी डोळे मिटून त्याने ड्रॉवर ओढला.

मादी वेटोळं घालून, डोकं मध्ये खुपसून बसली होती. पोटात अंडी होती, म्हणून तिने उंदराला तोंड लावलं नव्हतं. उंदराने मात्र तिची पाठ कुरतडली होती. तळहाताएवढी जागा उघडी पडली होती, आत पांढरं हाड दिसत होतं. आणि ती जिवंत होती. पळाली नव्हती, चावली नव्हती. उंदीर खात होता आणि ती बसून होती.

बाबाजीने उंदीर शेपटीला धरून पिंजऱ्यात टाकला आणि भिंतीला टेकून खाली बसला. सिप्रियन मागोमाग आला होता. त्याने लांबूनच पाहिलं.

"बंद कर," तो हळू म्हणाला. "तीन दिवस कोण उघडणार नाय. तोवर तू गावाला. मेली तर मेली. बोलू, आजारी होती."

"आणि तोवर ती अशीच?"

"बाबाजी, तुझी बायको घरात ठेवलीय. सापाचं काय घेऊन बसलास?"

"तू धुशील ती जखम? बेटाडीन लावशील?"

"मी? मी आजवर एकाला तरी हात लावलाय काय?"

बाहेर वलीने हॉर्न दिला. सांगितलं तर काय होईल ते बाबाजीला कळत होतं. न सांगता गेलं तर चितेसमोरही ही पाठ दिसत राहील, हेही कळत होतं. त्याने अरबाबला फोन लावला.

अरबाब आला, त्याने ड्रॉवरात वाकून पाहिलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग तो शांतपणे म्हणाला, "बाबाजी, इसके अंडे मुझे चाहिए. तेरे सिवा इसको कौन देखेगा? अंडे आने दे, फिर जा. टिकट मैं फिर निकाल दूँगा, इन्शाल्ला."

"अरबाब, मेरी औरत..."

"अल्ला रहम करे. बेटा है ना वहाँ?"

वली गाडी घेऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी सुदेशने अग्नी दिला. कोणीतरी फोन धरून ते बाबाजीला दाखवलं. धूर फार होता, चेहरा दिसला नाही.

आता तो रोज ती जखम पाण्याने धुतो, औषध लावतो, खाली स्वच्छ कागद घालतो. मादी हलत नाही. ड्रॉवर ओढताना तो अजून डोळे मिटतो, ती मेलेली असेल म्हणून, आणि नसेल म्हणूनही. जिवंत उंदीर आता सिप्रियन चिमट्याने सोडतो, तोंड फिरवून. बाबाजीने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं, "समोर उभा राहा. फोन आला तरी हलू नको."

अंडी यायला अजून अवकाश आहे. काल सुदेशने विचारलं, "बाबा, दिवस झाले. लोक विचारतात. मी एकटा जाऊन येऊ काय?"

"नको," बाबाजी म्हणाला. "मी येतो."

कावेरीच्या अस्थी अजून सोडायच्या आहेत.