तांब्याची जागा

स्फटिक वाढवायच्या कामाला माझ्यासारखी उतावळी बाई घेऊ नये, हे माझ्या मार्गदर्शक सरांना चांगलं माहीत होतं. तरी घेतलं. ‘कुकर’ हे नावही त्यांनीच ठेवलं, कारण मी बसल्या जागी फुसफुसते.

काम सांगायला सोपं. तांब्याचं ऑक्साइड, जस्ताचं ऑक्साइड, फॉस्फोरिक आम्ल आणि पाणी जाड पोलादी भांड्यात घट्ट बंद करायचं, आठवडाभर भट्टीत ठेवायचं आणि मग तासाला दीड अंश अशा गतीने निवू द्यायचं. दोन वेळा मी भांडं मधेच उघडलं आणि हाती हिरवट पीठ आलं. तिसऱ्या वेळी सरांनी भट्टीच्या खोलीची किल्लीच खिशात घातली. “आता काय फुसफुसायचं ते बाहेर,” म्हणाले.

बाराव्या दिवशी किल्ली मिळाली. भांड्याच्या तळाशी निळे-हिरवे खडे होते, साखरेच्या दाण्याएवढे. मी चक्क रडले. तीस वर्षांपूर्वी तांबे-जस्ताच्या याच फॉस्फेटवर सरांनी नाव कमावलं होतं, पण त्यांनाही तेव्हा नुसतं पीठच मिळालं होतं. अणूंची मांडणी त्यांनी त्यावरूनच अंदाजाने बांधली होती. आता खडा होता, आणि माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्याच्यावरच अडलं होतं.

देखणे खडे बहुधा जुळे, म्हणजे दोन स्फटिक एकमेकांत गुंतलेले, निघतात आणि दगा देतात, म्हणून भिंगाखाली एकसंध दिसणारा एक बारका निवडला. काचेच्या काडीवर चिकटवून क्ष-किरणांच्या यंत्रात फिरवत ठेवला. दुसऱ्या दिवशी मोजमापं आली. सरांनी छापलं होतं तसंच मी अणूंच्या मांडणीत तांबं एका जागी आणि जस्त दुसऱ्या जागी भरलं. आकडे झकास जुळले. जुळणारच. दोघांत एका इलेक्ट्रॉनचा फरक, क्ष-किरणांना ती जवळजवळ सारखीच दिसतात.

पण अणूंमधली अंतरं जुळेनात. जस्ताच्या जागेभोवती चार ऑक्सिजन जवळ होते आणि दोन लांब ताणलेले. असली ताणाताणी तांब्याची खोड, जस्ताची नव्हे. सरांनी दोघांच्या जागा उलट्या लावल्या होत्या आणि मीही डोळे मिटून त्यांचीच री ओढली होती.

दोन दिवस मी मूग गिळून बसले. प्रबंधावर सही त्यांचीच लागणार होती. शिवाय ज्यांनी हाताला धरून शिकवलं, त्यांना चुकलात म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? मला भीती वाटत होती, आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटत होतं. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

सरांनी चष्मा पुसला. पेन्सिल घेऊन एकेक अंतर स्वतः तपासलं, अर्धा तास. मग फोन उचलून बायकोला म्हणाले, “अगं, तीस वर्षं मी मुलांना उलटं शिकवत होतो. नाही गं, बरा आहे. मजेत आहे. आमच्या कुकरने शोधून काढलं. हो, जेवायला घेऊनच येतो तिला.”

फोन ठेवून माझ्याकडे वळले. “लिही ते. आत्ताच, माझ्यासमोर.”

मी लिहिलं. त्यांनी वाचलं. ‘पूर्वीच्या मांडणीत किंचित चूक होती’ या वाक्यातला ‘किंचित’ शब्द त्यांनी खोडला आणि खाली सही केली.