न्हाणीघरातलं पीक

बायकोने न्हाणीघरात मशरूमच्या पिशव्या टांगल्यापासून मी दोन महिने शेजाऱ्यांकडे आंघोळ करत होतो आणि रोज तिच्या नावाने खडे फोडत होतो.

आज आमच्या गल्लीत घरी पिकवलेल्या मालाचा पहिला बाजार भरला. तिने टोपली मांडली. मी फजिती बघायला हाताची घडी घालून उभा!

पण झुंबडच उडाली! अर्ध्या तासात टोपली रिकामी. कोपऱ्यावरचा खानावळवाला धापा टाकत आला. "संपले?"

"पुढच्या खेपेला दुप्पट आणतो!" मीच ओरडलो.

बायकोने कमरेवर हात ठेवले. "अहो, पण लावायचे कुठे?"

"झोपायच्या खोलीत! शेजाऱ्यांना विचारतो, झोपायलाही येऊ का."