नंबर गेलेली वडी

१४ मे २०२४, मंगळवार. चंद्रपुरात चव्वेचाळीस अंश. वारा बंद.

त्या दिवशी मी झाले. मी मेणाची एक वडी, काडेपेटीहून लहान. माझ्या पोटात गोकुळाबाईच्या लघवीच्या पिशवीतल्या गाठीचा तुकडा आहे. गोकुळाबाई पोंभुर्ण्याकडची, तलावात मासे धरणारी. दोन महिने तिला लघवीतून रक्त जात होतं, ताप येत होता.

लॅबमधल्या हेमराजनं माझ्या कडेवर साध्या पेनानं नंबर घातला आणि माझा पातळ काप काचेवर चढवला. कागदावर आलं, कॅन्सरचा संशय. ३ जूनला पिशवी काढायचं ठरलं.

"एकदा नागपूरले वडी दाखवून घ्या," हेमराज तिच्या नवऱ्याला, डोमाभाऊंना, म्हणाला. "पण उन्हात नका ठेवू. मेण पातळ होते."

डोमाभाऊंनी मासोळी नेतात तसं मला ओल्या फडक्यात आणि वर पळसाच्या पानांत गुंडाळलं. दवाखान्याच्या खाटेवरून गोकुळाबाई म्हणाली, "माह्या पोटाचा तुकडा नागपूर पाह्यले चालला. मीच नाई पाह्यलं अजून."

बसमध्ये त्यांनी तीनदा फडकं भिजवलं. नागपूरच्या मोठ्या लॅबच्या खिडकीवर ते उघडलं, तेव्हा नंबर धुऊन गेला होता.

"गाठ बाईची हाय का बैलाची, मले काय समजते?" खिडकीतला माणूस म्हणाला.

"माह्याच बाईची हाय, भाऊ. मीच आणली."

"तिथून काच अन् चिठ्ठी आणा. मग पाहू."

चंद्रपूरचे लॅबवाले डॉक्टर बाहेरगावी होते. काच आणि चिठ्ठी मिळायला नऊ दिवस गेले. तोवर मी डोमाभाऊंच्या थैलीत. खाटेवर गोकुळाबाईचा ताप उतरत नव्हता. कमरेत डावीकडे कळ येऊ लागली होती.

३० मेला नागपूरच्या लॅबमधल्या डॉ. नीलिमा यांनी ती काच माझ्यावर धरली. काचेवरच्या तुकड्याची कड माझ्या पोटातल्या तुकड्याशी तंतोतंत जुळली. मग माझे नवे काप निघाले, त्यांना वेगळा रंग दिला. पेशींच्या आत वर्तुळात वर्तुळ असे गोल ठिपके दिसले.

"हा कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "जंतूंचा जुना आजार आहे, मलॅकोप्लाकिया. फार क्वचित होतो आणि दिसतो कॅन्सरसारखा. पिशवी काढायची गरज नाही."

डोमाभाऊंनी विचारलं, "मंग ताप काऊन उतरून नाई राह्यला, बाई?"

आता मी कपाटात आहे, हजारभर वड्यांमध्ये. मागणं एकच. आमच्यावरचा नंबर पेन्सिलीनं लिहा, तो पाण्यानं जात नाही.

गोकुळाबाईची लघवीची पिशवी राहिली. पण तोवर डाव्या किडनीत पू झाला होता. ती किडनी ४ जूनला काढली.