‘घर’ नावाचं फोल्डर

सर्व्हर पुसला गेल्याचं व्यंकटरावांना कळलं ते मंगळवारी सकाळी, वाळूजच्या कारखान्यात जाणाऱ्या शिफ्टच्या बसमध्ये. गेटवरच्या फकिराचा फोन आला.

"साहेब, कुणाचीच मेल उघडंना. मंदारशेठ लई तापलेत. म्हणतेत, तुमच्या आधी तुमच्या कम्प्युटरला रिटायर करतो."

"आलोच," व्यंकटराव म्हणाले. कारखान्याचे कम्प्युटर तेच बघत. अठरा वर्षं झाली होती.

कुणीतरी बाहेरून सर्व्हरमध्ये शिरून सगळ्यांच्या मेल पुसल्या होत्या. मालकांचा मुलगा मंदार केबिनच्या दारात उभा राहिला.

"बॅकअप आहे ना?"

"आहे. रविवारपर्यंतचा."

"मग तोंड असं का झालंय?"

व्यंकटरावांनी बॅकअप चढवायला घेतला. संध्याकाळपर्यंत खरेदी, डिस्पॅच, स्टोअर, सगळ्यांची पत्रं परत आली. आलं नाही ते त्यांच्याच मेलमधलं ‘घर’ नावाचं फोल्डर. त्यात त्यांच्या बायकोची, दमयंतीची पत्रं होती. बॅकअपची डिस्क दर आठवड्याला मालकांच्या बंगल्यावर जायची. आपल्या घरातलं बोलणं दुसऱ्याच्या कपाटात कशाला, म्हणून ते फोल्डर आणि दमयंतीचं मेलचं खातं त्यांनी स्वतःच बॅकअपमधून वगळलं होतं.

शॉपफ्लोअरवर मोबाइल चालत नसे. म्हणून थोरल्या मालकांना विचारून त्यांनी दमयंतीला कारखान्याच्या सर्व्हरवर खातं काढून दिलं होतं. शहराच्या कडेच्या सातारा परिसरात त्यांची बिल्डिंग उभी राहिली, पाण्याची लाइन काही आली नाही. लिफ्टचीही नुसती जागाच सोडलेली. सगळं टँकरवर. दमयंती घरून लिहायची. ‘टँकर आला. दोन ड्रम भरले.’ ‘कोथिंबीर आणू नका, आहे.’ व्यंकटराव उत्तर द्यायचे, ‘बरं.’

दोन हजार सोळाच्या दुष्काळात टँकरचा काही नेम राहिला नव्हता. मे महिन्यात एका दुपारी पावणेबाराला तिची मेल आली. विषय होता ‘टँकर’. व्यंकटरावांनी ती आलेली पाहिली. हातात काम होतं. जेवण झाल्यावर वाचू म्हणाले. साडेबाराला शेजारच्या वच्छलाबाईंचा ऑफिसच्या नंबरवर फोन आला. दमयंती भरलेली बादली घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढत होती, जिन्यात पडली. व्यंकटराव दवाखान्यात पोचले तेव्हा ती गेलेली होती.

चौदा दिवसांनी ते कामावर आले तेव्हा फोल्डरमध्ये ती ओळ तशीच होती. न वाचलेली, म्हणून जाड अक्षरातली. टँकर आला एवढंच लिहिलं असेल तर ठीक. पण आज मला चढवत नाही, तुम्ही या, असं लिहिलं असेल तर? तीन वर्षं ते रोज ते फोल्डर उघडत, ती ओळ बघत आणि बंद करत.

बुधवारी शहरातून आमरीन आली. असे हल्ले तपासणं हेच तिचं काम. तासभर तिनं नोंदी पाहिल्या.

"काका, ही दमयंती कुठल्या डिपार्टमेंटला आहे?"

"कुठल्याच नाही. माझी बायको. जाऊन तीन वर्षं झाली."

आमरीनचा हात थांबला. "माफ करा काका. पण हल्ला करणारा यांच्याच नावानं आत आला. पासवर्ड लई सोपा होता."

"तिला लक्षात राहावा म्हणून."

मग तिनं पुढचं दाखवलं. वेबमेलमध्ये, म्हणजे सगळे ज्यातून मेल बघत त्या प्रोग्राममध्ये, पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायला एक चौकट होती. तिथं लिहाल ते न तपासता थेट सर्व्हरला जायचं. पत्त्याच्या मागं हुकूम जोडला, की सर्व्हर तो हुकूम पाळायचा.

"तुमच्या गेटवर एखादा चिठ्ठीवर नाव लिहून देतो," ती म्हणाली, "आणि खाली लिहितो, गोदाम उघडा. फकिराभाई उघडतील का? या सर्व्हरनं उघडलं."

"माहीत होतं," व्यंकटराव म्हणाले. "नवी आवृत्ती बसवून हे बंद करा, अशी जानेवारीत सूचना आली होती."

"मग अपडेट का नाही केलं?"

"नव्या आवृत्तीत फोल्डर उघडलं, की सगळ्यात वरचं पत्र शेजारी आपोआप उघडतं. मला एक पत्र उघडायचं नव्हतं."

पुसलेलं परत मिळतं का, ते आमरीननं दुपारभर पाहिलं. शेवटी खुर्ची मागं सरकवली.

"काका, तुम्ही काल बॅकअप ह्याच डिस्कवर चढवला ना? त्याच्याखाली गेलं सगळं. एक दिवस थांबला असता तर कदाचित..."

"कारखाना बंद पडला होता," व्यंकटराव म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली.

तिनं दमयंतीचं खातं बंद करायला सांगितलं. व्यंकटरावांनी स्वतःच्या हातानं बंद केलं. अहवालात अपडेट न करणं आणि तिचं खातं चालू ठेवणं, या दोन्ही चुका आपल्या नावावर लिहिल्या. मंदारनं वाचून विचारलं, "एवढं खरं लिहायची काय गरज होती?" आणि सही केली.

शनिवारी नवी आवृत्ती बसली. व्यंकटरावांनी मेल उघडली. शेजारी सगळ्यात वरचं पत्र आपोआप उघडलं. सोमवारी टँकर येणार नाही, कँटीन बंद राहील, अशी सूचना होती. ती त्यांनी पूर्ण वाचली.

दमयंतीचं शेवटचं पत्र वाचायचं राहिलं.