जारीव म्हणजे येते

सकाळपासून तीनदा जिना उतरून खाली जाऊन आले. कुरियरवाल्याचा पत्ता नाही. चौतीस वर्षं टपाल खात्यात लोकांची पाकिटं पोचवली, आणि माझाच पासपोर्ट व्हिसासाठी मुंबईला जाऊन बसलाय. हसावं की रडावं!

बॅग भरून महिना झाला. माझ्या लेकीचे, पायलचे, दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. त्याआधी मी फ्रान्सला तिच्या घरी पोचणार होते. जावई धम्मदीप हिंजवडीतल्या कंपनीत, कंपनीनंच त्यांना तिकडं पाठवलं. तिथं त्यांचं दुसरं कुणी नाही. "तुझ्या बाळंतपणाला मी असणार म्हणजे असणार," असा शब्द दिला होता मी पायलला. आणि आज दहा वाजता धम्मदीपचा फोन. पहाटे पायलचं पाणी गेलं, दवाखान्यात आणलंय, बाळाचे पाय खाली आहेत. "वॉर्डचा नंबर लिहून घ्या, आई. माझा मोबाइल आत चालत नाही."

लिहून घेतला. मग काय, घरभर फेऱ्या. कुकर लावला, शिट्टीच्या आधीच बंद केला. बाहेर धायरीच्या रस्त्यावर गाडी थांबली की मी खिडकीत. एक वाजला आणि माझा धीर सुटला. फ्रेंचची वही काढली.

वही म्हणजे समोरच्या सुनीतीची मेहेरबानी. ती आयटीतली, फ्रेंच शिकलेली, जिभेनं अस्सल पुणेरी. रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरली की अर्धा तास मला प्रवासापुरते शब्द शिकवायची. नमस्कार, आभार, संडास कुठे आहे, मला समजलं नाही. सगळं मी मराठी अक्षरांत लिहून घेतलेलं. नवऱ्याला 'मारी' म्हणतात म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, बरोब्बर नाव ठेवलंय. माझे उच्चार ऐकून ती म्हणायची, "काकू, तुम्ही असंच बोलत राहा. फ्रेंच लोक घाबरून मराठी शिकतील."

फोन लावला. कुणी नर्सबाई बोलल्या.

"बोंजूर, मादाम. ज स्वी ला मेर द पायल." मी पायलची आई, एवढं धड म्हटलं. त्यावर बाई जी सुटली! बाप्पा! त्यातलं मला 'सा वा' तेवढं कळलं. सा वा म्हणजे ठीक. जीव भांड्यात पडला. "मेर्सी, मेर्सी," म्हटलं, आणि फोन ठेवता ठेवता म्हटलं, "जारीव."

आता आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. मी आंबेडकरी घरातली, शुभ-अशुभ मानत नाही. पण जिभेला वळण लागलं ते लागलं, फोन ठेवतानाही माझ्या तोंडात 'येते'च. म्हणून 'येते'ला काय म्हणतात ते सुनीतीला विचारलं होतं. तिनं 'जारीव' सांगितलं. मला ते निरोपाला हवंय, हे मी तिला सांगितलंच नाही.

अर्ध्या तासानं वॉर्डच्याच फोनवरून धम्मदीपचा फोन आला.

"आई, तुम्ही नर्सला येतेय म्हणालात?"

"मी? कधी?"

"तुम्ही 'आलेच' म्हणालात, असं ती पायलला सांगून गेली. पायलला वाटतंय, तुम्ही न कळवता निघालात नि गावात पोचलात. बाळाचे ठोके मंदावताहेत, डॉक्टर आत्ता ऑपरेशन करू म्हणतात, आणि ही सही करत नाही. आई पोचू दे, मग न्या, म्हणते. मी सांगतोय तर मलाच खोटं पाडते."

"फोन तिच्या कानाला लावा," म्हटलं.

"आई! कुठवर आलीस?"

केवढा आनंद होता पोरीच्या आवाजात!

"घरीच आहे गं. धायरीत."

"पण तू येते म्हणालीस."

"ते नुसतं फोन ठेवतानाचं 'येते' होतं गं, बाळा. आपलं नेहमीचं."

तिनं रडावं, मला वाटेल ते बोलावं, असं वाटत होतं.

"मग मी सही नाही करणार. तू शब्द दिला होतास."

तेव्हा माझं डोकं फिरलं. "मोडला शब्द! मोडला मी! जन्मभर भांड माझ्याशी, पण आत्ता सही कर. माझी वाट बघत बसलीस तर बाळ जाईल, पायल!"

तिकडं कागद वाजला. मग ती म्हणाली, "जाते मी."

आणि फोन बंद.

जाते! लहानपणी शाळेत निघताना चुकून तसं म्हणाली, तर उंबऱ्यातून परत बोलावून 'येते' म्हणायला लावायची मी. शुभ-अशुभ मानत नाही म्हणे! वॉर्डचा नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला, तीच नर्स. तिला काय सांगू? वहीत टॅक्सीचं वाक्य, पाण्याचं वाक्य, स्टेशनचं वाक्य. लेकीला 'येते' म्हणायला लावा, हे वाक्य कुठल्या वहीत असतं?

"मादाम," मी ओरडले, "पायल जारीव! ज नाही, मी नाही, नों, नों! पायल जारीव! पायल जारीव!"

मग बाई सावकाश, एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, "वी, मादाम. पायल जारीव."

'वी' म्हणजे हो, एवढं मला कळलं; त्यांना काय कळलं कोण जाणे. पण माझं वेडंवाकडं फ्रेंच त्यांनी जसंच्या तसं परत म्हटलं, आणि मी फोन छातीशी धरून फरशीवर बसून रडले.